हवा भरण्याचे लहान यंत्र : घेताना व वापरताना



खंडेनवमीला आपल्याकडे ट्रॅक्टर धुतात, बॉनेटला हळदकुंकू लागते, झेंडूची माळ चढते, चाकाखाली लिंबू ठेवतात. पुढे थोड्याच दिवसांत गळीत सुरू होते आणि तोच ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या जोडून रस्त्याला लागतो. एवढ्या सोहळ्यात चाकांतील हवा कोणी गेज लावून पाहिलेली मला क्वचितच दिसली. टायरला एक लाथ मारायची, "घट्ट हाय" म्हणायचे आणि स्टार्टर मारायचा, अशी आपली रीत आहे.

अलीकडे मात्र शिवारात फिरताना एक नवी वस्तू दिसू लागली आहे. कारच्या डिकीत, जीपच्या सीटखाली, ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये हवा भरण्याचे लहानसे यंत्र असते. कुणाकडे सिगारेट लायटरच्या भोकात पिन घालून चालणारे, कुणाकडे बॅटरीला चिमटे लावून चालणारे, तर तरुण मुलांकडे मोबाईलसारखे चार्ज करून वापरायचे. वस्तू सोयीची आहे यात शंका नाही. पण गट ऑफिसात बसलो की प्रश्न येतात. "सायेब, खोक्यावर दीडशे लिवलंय, मग ट्रॉलीला का भरत न्हाई?" "सायेब, दहा मिनिटांत वास मारून बंद पडलं, फसवलं का आम्हाला?" माझी पदविका शेतीची, मोटारीची नव्हे. म्हणून कारखान्याच्या वाहन विभागातील फोरमनजवळ दोन दिवस बसून विषय समजून घेतला आणि मगच हे लिहीत आहे.

प्रथम हवेच्या मापाविषयी. आपण "तीस पौंड हवा" म्हणतो, म्हणजे दर चौरस इंचावर तीस पौंडांचा दाब. यंत्रावर तेच पीएसआय म्हणून लिहिलेले असते. काही यंत्रांवर बार हे माप असते, काहींवर किलोपास्कल. १ बार म्हणजे साडेचौदा पौंड. म्हणजे ३२ पौंडांना पडद्यावर २.२ दिसेल. आमच्या एका सभासदाच्या मुलाने बटण चुकून दाबले, पडद्यावर २.२ पाहून "हवाच नाही" असे समजला आणि भरत सुटला. शेजाऱ्याने वेळीच बंद करवले म्हणून बरे. यंत्र सुरू करण्यापूर्वी पडद्यावर कोणते माप आहे ते आधी पाहावे.

आता खोक्यावरील १५० या आकड्याविषयी. पाणी उचलणाऱ्या पंपाचा आपल्याला चांगला अनुभव आहे, तोच येथे कामी येतो. पंपाच्या पाटीवर हेडही असते आणि पाणीही असते. पण कमाल हेड आणि कमाल पाणी एकाच वेळी मिळत नाही, हे आपण जाणतो. नदीकाठच्या पट्टीला पाणी धो धो पडते, तोच पंप माळावर पाणी चढवताना धार बारीक करतो, आणि आणखी वर नेले तर मोटार नुसतीच घुमते. हवेच्या यंत्राचेही हेच आहे. टायर रिकामा असताना मिनिटाला ३०-३५ लिटर हवा देणारे यंत्र दाब वाढेल तसतशी कमी हवा देते. १५० हा आकडा म्हणजे ज्या दाबाला धार जवळजवळ थांबते तो शेवट. त्या दाबाने टायर भरता येतो असा त्याचा अर्थ नाही.

दुसरा हिशोब टायरच्या पोटाचा. कारच्या टायरच्या पोटात साधारण ३० ते ३५ लिटर जागा असते. हवा २५ वर आली असेल आणि ३२ करायची असेल तर बाहेरची १५ ते २० लिटर हवा आत ढकलावी लागते. लहान यंत्र हे काम मिनिट-दोन मिनिटांत करते. ट्रॅक्टरचे मागचे टायर दिसायला राक्षसी, पोटात दोन-अडीचशे लिटर जागा, पण त्याला दाब लागतो थोडा. आठ पौंडांवरून चौदावर न्यायला शंभर लिटरच्या आत काम होते. यंत्र जरा बरे असेल तर पाच-सात मिनिटे. आता ट्रॉलीचे ९.००-२० चे टायर घ्या. पोट शंभर लिटरच्या आसपास, ट्रॅक्टरच्या टायरच्या निम्म्याहून कमी. पण त्याला दाब लागतो शंभर पौंडांच्या घरातला. पूर्ण बसलेल्या टायरला तेवढी हवा द्यायची म्हणजे बाहेरची जवळजवळ सातशे लिटर हवा कोंबावी लागते, आणि तीही धार बारीक होत चाललेली असताना. लहान यंत्राला हे काम एक-दीड तासाचे होईल. आणि यंत्राच्या पाठीवर तर लिहिलेले असते की सलग दहा किंवा पंधरा मिनिटेच चालवावे, नंतर थंड होऊ द्यावे. वास मारून बंद पडणाऱ्या यंत्राचे कोडे येथे सुटते. कोणी फसवलेले नसते. काम मोठे आणि यंत्र लहान, इतकेच.

तेव्हा घेताना आधी हे ठरवा की कोणत्या चाकासाठी घ्यायचे आहे. कार व मोटारसायकलसाठी चार्जिंगचे किंवा लायटरच्या भोकात पिन घालायचे लहान यंत्र पुरे. ट्रॅक्टरच्या चाकांसाठी बॅटरीला चिमटे लावायचे, जाड वायरचे, शक्यतो दोन सिलिंडरचे यंत्र घ्यावे. ट्रॉलीसाठी मात्र यांपैकी एकही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. थोडी उतरलेली हवा वर आणण्यापुरते चिमट्याचे यंत्र चालेल, पण बसलेले टायर उभे करणे हे टाकीवाल्या मोठ्या कॉम्प्रेसरचे आणि पंक्चरवाल्याचे काम आहे. त्याला कारण फक्त वेळेचे नाही. ते पुढे सांगतो.

लायटरच्या भोकाविषयी एक सूचना. त्याला फ्यूज असतो, बहुतेक गाड्यांत १० ते २० अँपिअरचा. १० अँपिअर म्हणजे १२ व्होल्टवर १२० वॅट. यंत्र १५ अँपिअर ओढणारे असेल तर फ्यूज उडणारच. फ्यूज उडतो म्हणून त्या जागी जाड तार गुंडाळणारे महाभाग आपल्यात आहेत. मोटारीच्या किटकॅटमध्ये ते तेच करतात. गाडीत ही तार गुंडाळली तर वायरिंग पेटते, आणि ते डॅशबोर्डच्या आत पेटते. यंत्राचे अँपिअर पाहूनच खरेदी करावी. मोठ्या ट्रकचे वायरिंग बहुधा २४ व्होल्टचे असते. १२ व्होल्टचे यंत्र तेथे लावले तर ते तेथेच संपले म्हणून समजा.

वायर लांब हवी म्हणून मध्ये बारीक वायरचा तुकडा जोडू नये. डीपीपासून लांबच्या विहिरीवर मोटारीला व्होल्टेज मिळत नाही आणि मोटार गरम होते, तेच येथे होते. वायरऐवजी हवेची नळी लांब असलेले यंत्र घ्यावे. नळीच्या टोकाला आटे फिरवून बसवायचे नोझल असते किंवा खटक्याचे. मला खटक्याचे पसंत आहे. व्हॉल्व्हला अडकवून बाजूला होता येते, आणि काढताना हवाही कमी जाते. ठरलेल्या दाबाला आपोआप बंद होणारे यंत्र मिळाले तर चांगलेच, पण त्याच्या भरवशावर यंत्र चालू ठेवून चहाला जाऊ नये. यंत्राचा गेज खरा धरू नये, वेगळा साधा काट्याचा गेज ठेवावा. दोन गेजमध्ये तीन-चार पौंडांचा फरक मी स्वतः पाहिला आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला सगळी हवाच बारा-पंधरा पौंड, तेथे चार पौंडांची चूक म्हणजे पावशेराहून जास्त चूक झाली.

हवा किती ठेवावी? कारची हवा चालकाच्या दरवाजाच्या खांबावर अगर डिझेल टाकीच्या झाकणाच्या आत चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेली असते. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो कारला भरायचा नसतो. ट्रॅक्टरची हवा कंपनीच्या पुस्तकात पाहावी. हवा नेहमी गाडी थंड असताना मोजावी, म्हणजे सकाळी निघण्यापूर्वी किंवा तीन तास उभी राहिल्यावर. रस्ता तुडवून आलेल्या गरम टायरची हवा वाढलेली दिसते. ती "जादा झाली" म्हणून काढू नये, थंड झाल्यावर ती कमी भरते.

येथे थोडे माझ्या खात्याचे सांगतो. ट्रॅक्टरच्या टायरमध्ये जितका दाब, साधारण तितकाच दाब तो जमिनीवर देतो. शेतात मागच्या टायरला बारा-पंधरा पौंड हवा असावी, तेथे रस्त्यासाठी फुगवलेली जादा हवा तशीच ठेवून आपण ओल्या रानात जातो. चाकाखालची माती दाबली जाते, मुळांना हवा मिळत नाही, पाणी जिरत नाही, आणि खोडवा फुटताना चाकोरीच्या ओळीत नांग्या पडतात. मग सभासद म्हणतात, खोडव्याला खत टाकूनही जोर नाही. शेतात शिरण्यापूर्वी हवा पुस्तकाप्रमाणे उतरवायची आणि बांधावर परत आल्यावर रस्त्यासाठी वाढवायची, हे पूर्वी केवळ सांगण्यापुरते होते, कारण बांधावर हवा कोठून आणणार? हे यंत्र असेल तर ते जमते. माझ्या दृष्टीने हे यंत्र घेण्याचे हेच मोठे कारण आहे. भरलेल्या ट्रॉलीची हवा मात्र कधीही उतरवू नये. ट्रॉली शक्यतो पाणंदीवर अगर कडेच्या सरीवर ठेवावी आणि मोळ्या तेथवर आणाव्यात.

ट्रॅक्टरच्या चाकात वजनासाठी पाणी भरलेले असेल तर व्हॉल्व्ह वरच्या बाजूला येईल असे चाक फिरवून मगच हवा भरावी. नाहीतर पाणी नळीतून गेजमध्ये व यंत्रात शिरते. अशा चाकात हवेला जागा थोडी उरलेली असते, त्यामुळे दाब झपाट्याने चढतो. यंत्र थोडे चालवावे, बंद करावे, गेज पाहावा.

टायरगाडीवाल्यांसाठी दोन शब्द. हवेच्या टायरचे पेटंट जॉन बॉयड डनलॉप यांनी १८८८ साली बेलफास्ट येथे घेतले. हे गृहस्थ व्यवसायाने गुरांचे डॉक्टर होते, ही गोष्ट मला फार आवडते. लाकडी चाकाच्या मानाने टायरगाडी ओढणे बैलांना किती हलके जाते ते आपण पाहतोच. पण हवा कमी असली की तोच भार पुन्हा त्यांच्या खांद्यावर येतो. बैलगाडीच्या टायरलाही गेज लावत जा. यंत्र सुरू करण्यापूर्वी बैल सोडून लांब बांधावेत. त्या घरघरीने बैल बिचकतात, आणि चाकाशी माणूस वाकलेला असतो.

वापरण्याची पद्धत साधी आहे, पण क्रम चुकवू नये. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेला. चिमटे लावताना यंत्राचे बटण बंद हवे. आधी लाल चिमटा बॅटरीच्या अधिक टोकाला, मग काळा चिमटा बॅटरीपासून दूर चासीच्या उघड्या लोखंडाला. काढताना उलट. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघत असतो, त्याच्याजवळ ठिणगी पडू नये म्हणून हा क्रम. इंजिन चालू ठेवावे म्हणजे बॅटरी उतरत नाही, मात्र बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून हवा भरू नये, धूर जीव घेतो. यंत्र फळीवर ठेवावे, मातीत नको, आणि पाचटावर तर अजिबात नको. तोड सुरू असलेल्या फडात वाळले पाचट गुडघाभर असते, आणि यंत्राचे सिलिंडर व नळीचे पितळी टोक चटका बसेल इतके तापते. चार्जिंगचे यंत्र उन्हात बंद गाडीच्या काचेजवळ सोडू नये. बॅटरी फुगलेली दिसली तर ते यंत्र पुन्हा चार्ज करू नये. हवा भरून झाल्यावर व्हॉल्व्हला थुंकी लावून बुडबुडा येतो का पाहावे, आणि टोपण बसवावे. टोपण हरवले म्हणून हसण्यावारी नेऊ नका, व्हॉल्व्हमध्ये माती गेली की तेथूनच हवा जाते.

आता ट्रॉलीविषयी जे पुढे सांगतो म्हटले होते ते.

सात-आठ वर्षांपूर्वीची, जानेवारीतली गोष्ट आहे. एका सभासदाच्या फडाजवळ भरलेली ट्रॉली बसली. ड्रायव्हर बाहेरगावचा, कामाला चांगला. त्याने चाक उतरवले, ट्यूबला ठिगळ लावले, डिस्कवर टायर चढवून रिंग बसवली आणि चाक आडवे टाकून हवा भरू लागला. ऊस तोडून दुसरा दिवस उजाडला होता. तोडलेला ऊस जितका थांबेल तितके वजन घटते, उतारा घटतो, आणि त्या आठवड्यात माझ्या गटाचा ऊस कमी येतो म्हणून मला वरून बोलणी बसली होती. मी मोटारसायकलवरून उतरलो आणि तेथे उभा राहून म्हणत होतो, "आटपा, आटपा, अंधार पडायच्या आत काट्यावर गेली पाहिजे." रिंग एका बाजूला बोटभर वर उचललेली दिसत होती. त्यालाही दिसली, मलाही दिसली. हवा सोडून, रिंग काढून, खोबण साफ करून पुन्हा बसवायची तर अर्धा तास गेला असता. त्याने हातोडा घेतला आणि हवा चालू असतानाच रिंगवर ठोका मारला. गेजचा काटा चाळीसवरही पोचला नव्हता. रिंग उडाली ती त्याचा उजवा हात कोपराखाली दोन ठिकाणी मोडून, माझ्या खांद्याशेजारून उसात गेली. मी चार फुटांवर होतो. हात जुळला, पण त्या हाताने पुन्हा स्टिअरिंग ओढवले नाही. पुढच्या हंगामाला तो आला नाही. त्या सभासदाने दवाखान्याचा खर्च केला. मी काय केले, तर घाई केली होती.

चाळीस पौंड ऐकायला थोडे वाटतात. पण ते दर चौरस इंचावरचे आहेत, आणि टायरची बाजू शेकडो चौरस इंच असते. रिंगला बाहेर ढकलणारा जोर मग टनांत मोजावा लागतो. म्हणून रिंगचे चाक बांधावर भरू नये. भरायचेच झाले तर रिंग खोबणीत सर्व बाजूंनी बसल्याची खात्री करावी, चाक साखळीने आवळावे अगर लोखंडी पिंजऱ्यात ठेवावे, लांब नळी व खटक्याचे नोझल लावावे, आणि कोणीही रिंगच्या समोर किंवा चाकावर ओणवे राहू नये. रिंग तिरकी दिसली तर पूर्ण हवा सोडावी. हवा असलेल्या रिंगवर हातोडा मारू नये.

जे टायर हवा कमी असतानाच भार घेऊन धावले, त्याच्याविषयीही तेच. ठरलेल्या हवेच्या ऐंशी टक्क्यांवर किंवा त्याखाली, म्हणजे शंभरच्या टायरमध्ये ऐंशी किंवा कमी हवा असताना ते ओढले गेले असेल, तर नुसती हवा भरून पुढे जाऊ नये. आतल्या तारा अगर दोरे तुटलेले असतात, बाहेरून दिसत नाहीत, आणि भरताना बाजू फाटते. टायर उतरवून आतून पाहावे. डिस्कला चीर गेली म्हणून टायर चढलेले असतानाच वेल्डिंग करणे हा दुसरा घातक प्रकार. हवा सोडलेली असली तरीही टायर फुटते. टायर डिस्कवर बसत नाही म्हणून आत पेट्रोल टाकून काडी लावणारे कोणी भेटले तर तेथून आपली गाडी घेऊन निघून जावे. ट्रॅक्टरचे टायर पस्तीस पौंडांपर्यंत बसले नाही तर आणखी दाब देऊ नये. हवा सोडावी, कडेला साबणाचे पाणी लावावे, पुन्हा भरावे.

आणि हवेच्या नळीने अंगावरची धूळ झटकणे, पोरांनी एकमेकांच्या अंगावर नळी धरणे हे बंद करावे. टाकीवाल्या कॉम्प्रेसरजवळ थट्टेने नळी अंगाला लावली आणि जीव गेला, अशा बातम्या वर्तमानपत्रांत आलेल्या आपण वाचल्या असतील.

गळीत सुरू होण्यापूर्वी ज्या सभासदांना आपला गेज तपासून घ्यायचा असेल त्यांनी बाजारच्या दिवशी सकाळी कारखान्याच्या वाहन विभागात यावे. तेथील गेजशी जुळवून किती पौंडांचा फरक आहे ते कागदावर लिहून मिळेल, तो कागद टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवावा. ट्रॉलीच्या रिंगा व डिस्कही त्याच वेळी पाहून घेता येतील, मात्र ट्रॉली रिकामी आणावी आणि ड्रायव्हरला सोबत आणावे. मालक एकटाच आला तर उपयोग नाही, चाकाशी बसणारा माणूस तो नसतो.

ऊस विकास अधिकारी